पहिला थांबा

माणसानं देशाशिवाय राहू नये, हे आता जगानं मान्य केलं आहे. हवेशिवाय काही मिनिटं, पाण्याशिवाय काही दिवस (बीड जिल्ह्यात काही महिने) आणि अन्नाशिवाय काही आठवडे काढता येतात. देशाशिवाय मात्र कुणालाही एक दिवस काढावा लागू नये, असं संयुक्त राष्ट्रांत ठरलं आहे. त्यासाठी १९५४ साली एक आणि १९६१ साली एक असे दोन करार झाले. हा प्रश्न आपल्याकडे नाहीच, अशी ज्या देशांची खात्री होती त्यांनी सह्या करण्यात वेळ घालवला नाही. पुढं पन्नास-साठ वर्षांनी ध्यानात आलं, की करार होऊनही लाखो माणसं बिनदेशाची उरलीच आहेत. तेव्हा दहा वर्षांची मुदत घालण्यात आली. मुदत घातली की प्रश्न घाबरतो, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

देश मिळवण्याची पद्धत तशी सोपी आहे. जन्माला यायचं. कुठं जन्मलो ते कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. मग तो कागद दाखवत मरेपर्यंत फिरायचं. यात चुकण्यासारखी जागा एकच, अगदी पहिली, आणि भिमाबाईची छबू नेमकी तिथंच चुकली. ती चालत्या बैलगाडीत जन्मली.

भिमाबाई नांदूरघाटच्या अलीकडच्या बौद्ध वस्तीतली. ती आणि तिचा नवरा अर्जुन मिळून एक कोयता होतो. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोला एकच कोयता धरतात. (समानतेवर परिषदा भरू लागल्या त्याच्या कितीतरी आधीपासून ही सोय आमच्याकडे आहे. दोघं मिळून एक, म्हणजे दोघंही अर्धे. कुणी कुणाहून मोठं नाही.) पोटातल्या लेकराचं माप अजून ठरलेलं नाही. दसरा झाला की असे कोयते भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरांसकट गाड्यांवर चढतात आणि जिथं ऊस आहे तिथं जातात. ऊस तिकडं आणि माणसं इकडं, अशी निसर्गानं केलेली चूक दरवर्षी सहा महिने दुरुस्त केली जाते.

२०१३ च्या जानेवारीत भिमाबाई दिवस भरलेल्या पोटानं मोळ्या बांधत होती. कळ आली तेव्हा तिनं ओठ दाबला. गाडी अर्धी भरली होती आणि अर्ध्या गाडीसाठी कळा थांबवता आल्या नाहीत तरी लपवता येतात. गाडी भरली, दोर आवळले, तेव्हा तिनं टोळीतल्या सुंदरबाईला खुणावलं. सुंदरबाईनं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि अर्जुनला ओरडली, "आरं ए येड्या, बायकूला वर घे आदी! दोर काय बगतूस?"

ऊस शेजारच्या राज्यातला, कारखाना आपल्या राज्यातला, मधे चौदा किलोमीटर. आठव्या किलोमीटरच्या पुढं, उसाच्या ढिगावर, दुपारच्या उन्हात, छबू झाली. सुंदरबाईनं कोयत्याचं पातं काडेपेटीच्या काड्यांवर तापवून नाळ कापली. पोरगी एवढीशी, उसाच्या दोन पेऱ्यांत मावेल अशी. भिमाबाईनं तिला छातीशी धरलं. पोरीच्या कपाळाला उसाचं कूस लागलं होतं, ते ती बोटाच्या टोकानं एकेक करून काढत बसली. गाडी हलत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुठं पोचायची घाई नव्हती.

नवव्या किलोमीटरला एक नाला लागतो. तिथं अर्जुननं कासरा ओढला आणि शीळ घातली. गाडीवाल्यांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. चढ लागायच्या आधी बैल थांबवायचे, बारीक लांब शीळ घालायची, बैल मोकळे होतात आणि पुढं नेटानं ओढतात. सरदार आणि बारक्या अशी त्या बैलांची नावं. दोघंही मोकळे झाले. गाडी पुढं निघाली.

कारखान्याच्या काट्यावर सुंदरबाई खाली उतरली, भिमाबाईला उतरता येईना. काटावाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वर, मागं लाईन लागलीय." भरल्या गाडीचं वजन झालं. मग मायलेकींना लिंबाखाली निजवलं, ऊस कारखान्याच्या गव्हाणीत गेला आणि रिकाम्या गाडीचं वजन झालं. अशा रीतीनं भिमाबाई आणि छबू, मिळून पंचेचाळीस किलो, कारखान्याच्या दप्तरी ऊस म्हणून जमा झाल्या आणि रीतसर गाळल्या गेल्या. साखरेचा उतारा अकरा टक्के धरला तर त्यांची चार किलो नऊशे पन्नास ग्रॅम साखर झाली. बाकी मळी आणि चिपाड.

वजनाची पावती भिमाबाईनं जपून ठेवली. तारीख २१, वेळ दुपारचे एक चाळीस. छबू या जगात आल्याचा तेवढाच लेखी पुरावा होता, आणि त्यावर तिचं नाव सोडून सगळं होतं.

सहा वर्षं या पावतीवाचून कुणाचंच अडलं नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात अडलं.

त्या साली पुन्हा दुष्काळ होता. माळावर चारा छावणी उघडली होती आणि ती तालुक्याचे पुढारी माणिकराव यांची सेवा सहकारी संस्था चालवत होती. निवासी शाळाही माणिकरावांच्याच संस्थेची. (सहकाराचं तत्त्व असं, की सगळ्यांचं सगळं असतं, ते सांभाळायला मात्र एकच माणूस लागतो.) बैलांपाठोपाठ भिमाबाईचं बिऱ्हाडही छावणीत आलं. छावणीत प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे. बिल्ला नसेल तर चारा नाही, त्यामुळं जनावरांत बिनदेशाचं कुणी उरलं नव्हतं. छबू दिवसभर सरदारच्या मानेला लोंबकळून ते आकडे वाचायची. आकडे ओळखायला ती अशी बैलाच्या कानावर शिकली. महिन्याभरात सरदारचे बाराच्या बारा आकडे तिला तोंडपाठ झाले. झोपेतसुद्धा म्हणायची.

निवासी शाळेचे त्रिंबक गुरुजी छावणीत आले होते. त्यांनी ते ऐकलं.

"भिमाबाई, ही पोरगी ऊस तोडायला नेऊ नका," ते म्हणाले. "पहिलीत एक जागा आहे. मी धरून ठेवतो. फक्त जन्मदाखला आणा, तीस जूनच्या आत."

गावच्या शाळेत दाखल्याशिवायही बसता येतं. पण दसऱ्यानंतर गावात छबूसाठी भाकरी थापायला कुणी उरत नाही. म्हणजे दाखला मिळाला तर छबू शाळेत, न मिळाला तर उसाच्या फडात. भिमाबाईला एवढं कळलं, आणि ते पुरेसं होतं. तिनं पावती पदरात बांधली.

कारखान्याच्या गावचे ग्रामसेवक सज्जन होते. त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. चालत्या वाहनात जन्म झाल्यास, वाहन जिथं प्रथम थांबेल तिथं नोंद करावी. बैलगाडी हे वाहनच आहे. भिमाबाईला कायदा एकदम आवडला. आपल्यासारख्यांचा कुणीतरी विचार केला होता.

"मग पहिला थांबा कुठला?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"ह्यो तुमचा कारखान्याचा काटा."

"त्याआधी गाडी कुठंच थांबली नाही?"

इथं कुठलाही शहाणा नागरिक नाही म्हणाला असता. भिमाबाईनं आठवून पाहिलं. सरकारी माणूस विचारतोय, तर नीट सांगावं.

"न्हाई कशी? नाल्यापाशी थांबलती की. बैल मुतले."

ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. पुस्तक मिटलं. "बाई," ते हळहळून म्हणाले, "मग नोंद नाल्यात होणार."

नाला ही दोन राज्यांची हद्द आहे. बैलांचे पाय अलीकडं होते, गाडीची चाकं पलीकडं होती, आणि छबू, उसाच्या ढिगावर, साधारण मधोमध. शेजारच्या राज्याला पत्र गेलं. सहा आठवड्यांनी त्यांच्या भाषेत उत्तर आलं. ते वाचून घ्यायला भिमाबाईला मांजरसुंब्याच्या धाब्यावरचा उडपी आचारी शोधावा लागला. त्यानं हात पुसत वाचलं: सदर नाला पावसाळ्यात आमचा आणि उन्हाळ्यात तुमचा आहे. (हिवाळ्याबद्दल पत्र गप्प होतं.) हीच दोन राज्यं त्या हद्दीवरच्या एकेका गावासाठी वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. गावं सोडायला कुणी तयार नाही. पोरीच्या बाबतीत मात्र दोघांनीही एकमेकांना आधी वाट करून दिली.

सर्जेराव मुकादमाला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. टोळी त्याची, गाडी त्याच्या नावावर लागलेली.

"आगं, बैल मुतल्यालं कावून सांगितलंस तू?"

"तेंनी इचारलं की."

"इचारलं म्हनून सांगायचं आसतंय व्हय? आता तालुक्याला जा, दुसरा जबाब दे. म्हनावं, बैल थांबलेच न्हाईत. चौदा किलोमीटर सरळ आले."

भिमाबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. तिनं सराव केला. भाकरी थापताना, चारा टाकताना ती पुटपुटायची, "बैल थांबलेच न्हाईत." छबू हसायची. "आई, थांबत्यात की. बाबा शीळ घालतो." त्यावर भिमाबाई पिठाच्या हातानं तिचं तोंड दाबायची आणि मग त्या पिठाळ तोंडाचा मुका घ्यायची.

तालुक्याला साहेबांसमोर तिनं न अडखळता सांगितलं. साहेबांनी लिहूनही घेतलं. पण शेजारच्या खुर्चीत, छावणीच्या तपासणीसाठी आलेले पशुधन अधिकारी बसले होते. ते दचकले.

"काय? भरल्या गाडीला बैल चौदा किलोमीटर? न थांबता? लघुशंकेलासुद्धा नाही?"

भिमाबाईनं साहेबांकडं पाहिलं. साहेब छताकडं पाहत होते.

"हे क्रौर्य आहे," पशुधन अधिकारी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. मुक्या प्राण्यांना छळण्याविरुद्ध कायदा आहे. गुन्हा नोंदवावा लागेल, गाडी हाकणारा आरोपी होईल, बैल जप्त होतील. बैल ओळखण्यात अडचण नव्हती. दोघांकडं बारा-बारा आकडे होते. दिवस भरलेली बाई त्याच गाडीवर न थांबता चौदा किलोमीटर आली, याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. पण तो विषय त्यांच्या खात्याचा नव्हता.

तेव्हा परिस्थिती अशी झाली. बैल थांबले असतील तर छबूला गाव नाही. बैल थांबले नसतील तर अर्जुन गजाआड आणि कोयत्याची गाडी गेली. कायद्यात असा तोल क्वचितच पाहायला मिळतो. भिमाबाईनं दुसरा जबाब मागं घेतला. बैल निर्दोष सुटले.

साहेब मनानं वाईट नव्हते. बाहेर येऊन त्यांनी आणखी एक वाट दाखवली. दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं आणा. साक्षीदार प्रतिष्ठित असावा, साक्षर असावा आणि त्याला जन्माची माहिती असावी. मग थांब्याचं बघता येईल.

सुंदरबाईला माहिती होती. छबूची नाळच तिनं कापली होती. पण ती अंगठा करायची. टोळीतले बाकीचे कोयतेही बहुतेक अंगठ्याचे, आणि प्रतिष्ठेबद्दल त्यांनी स्वतःच नको म्हटलं. सर्जेराव साक्षर होता, आणि म्हणूनच सही करत नव्हता. "मी सही केली म्हंजे," तो समजुतीनं म्हणाला, "नववा म्हैना लागलेली बाई माज्या टोळीत राबत व्हती, ह्ये मीच लिहून दिल्यावानी झालं का न्हाई? तूच सांग, भिमा. मी तुजा भाऊ असल्यावानी हाय."

भाऊ असल्यासारखा होता, हे खरं. त्यानं छबूला दोन बिस्किटं दिली.

जूनच्या चोवीस तारखेला मांजरसुंब्याच्या एका मंगल कार्यालयात कार्यशाळा भरली. विषय: राष्ट्रीयत्वाचा हक्क आणि शून्य राष्ट्रहीनतेकडे वाटचाल. आयोजक एक आंतरराष्ट्रीय मंच, सहआयोजक माणिकरावांची संस्था, अध्यक्ष माणिकराव. कार्यशाळेला उदाहरण लागतं, आणि ताजं उदाहरण छावणीतच आहे असं माणिकरावांना आठवलं. भिमाबाई आणि छबूला जीपमधून आणण्यात आलं. दारात सगळ्यांच्या गळ्यात नावाची पट्टी घालत होते. छबूच्या पट्टीवर ‘उदाहरण’ असं छापलं होतं. तिनं ती दिवसभर मिरवली. स्वतःची म्हणून छापलेली ती तिची पहिलीच वस्तू होती.

उपस्थिती सत्तेचाळीस. त्यात प्राध्यापक अकरा, वकील सहा, अधिकारी नऊ, समाजसेवक चौदा, पत्रकार चार, परदेशी तज्ज्ञ एक, अनुवादक एक आणि माणिकराव. सगळे साक्षर. प्रतिष्ठेची अडचण नव्हती.

पहिल्या सत्रात छबूची हकीकत पडद्यावर दाखवण्यात आली. फड, गाडी, नाला, काटा. पावतीचा फोटो भिंतीएवढा मोठा झाला. कित्येकांनी डोळे पुसले. दुसऱ्या सत्रात मूळ प्रश्नाला हात घातला गेला. वृषभांची लघुशंका हा कायद्याच्या अर्थानं थांबा ठरतो काय? यावर एक तास दहा मिनिटं चर्चा झाली. परदेशी तज्ज्ञांनी मुद्दा मांडला, की थांबण्याचा हेतू कुणाचा होता, चालकाचा की बैलांचा, हे आधी ठरवलं पाहिजे. एका वकिलांनी सांगितलं, की शीळ ही चालकाची असली तरी निर्णय बैलाचा असतो. प्राध्यापकांत दोन तट पडले. ज्यानं आयुष्यात एकदा तरी गाडी हाकली असेल असा सभागृहात कुणी नव्हता, त्यामुळं चर्चेचा दर्जा शेवटपर्यंत टिकला.

मग अध्यक्षांनी छबूला जवळ बोलावलं. "बाळा, कायतरी बोल सगळ्यांसमोर. घाबरू नको."

छबूनं आईकडं पाहिलं, हात सरळ धरले, आणि तिला येत होतं ते म्हणाली. बारा आकडे. एका दमात. न चुकता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुवादकानं परदेशी तज्ज्ञांना सांगितलं, की मुलीला स्वतःची ओळख तोंडपाठ आहे. ते उठून उभे राहिले. पोर कौतुकानं लाल झाली होती; ते आकडे सरदारचे आहेत हे कोण सांगणार?

आभाराच्या आधी भिमाबाई उठली. कार्यक्रमपत्रिकेत तिचं भाषण नव्हतं. पदराच्या गाठीतून तिनं दोन कोरे प्रतिज्ञापत्राचे कागद काढले. घामानं त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"मला तुमच्यावानी बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "पन साहेब म्हनले, दोन शिकलेले मानसं पायजेत. माहिती आसलेले. आता तुमाला समद्यास्नी माहिती झाली. माज्यापरीस जास्ती झाली. तारीख तिथं भिताडावर हाय. लेकरू हितं हाय. तुमच्यातल्या दोघांनी सह्या करा. तीस तारखंपत्तर लागत्यात."

मग एकेक जण खाकरला. वकील म्हणाले, साक्ष म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान लागतं. प्राध्यापक म्हणाले, आम्ही व्यक्तीवर नव्हे तर व्यवस्थेवर काम करतो. अधिकाऱ्यांना वरून परवानगी लागत होती. पत्रकारांना तटस्थ राहायचं होतं. परदेशी तज्ज्ञांना सही करायची फार इच्छा होती, पण ते या देशाचे नागरिक नव्हते.

"वैनी," माणिकराव मायेनं म्हणाले, "आमी समदे तुमच्या पाठीशी हाओत. पन आमी तिथं नव्हतो ना. फकस्त ऐकलं."

तेवढ्यात चहा आला, आणि सगळ्यांना फार बरं वाटलं.

तीस जून गेली. त्रिंबक गुरुजींनी जागा चार जुलैपर्यंत धरून ठेवली, मग त्यांनाही वरून पत्र आलं. दिवाळीपूर्वी कार्यशाळेचा अहवाल निघाला. मुखपृष्ठावर छबू आहे, गळ्यात ‘उदाहरण’. अहवालाच्या प्रती एकेचाळीस देशांत गेल्या आणि एकाही हद्दीवर कुणी तिला अडवलं नाही.

छबूनं तोवर दसऱ्यालाच गाडी धरली होती. तिच्या जन्माच्या वाटेनं, रिकाम्या गाडीत, ती फडाकडं चालली होती. नाल्यापाशी अर्जुननं कासरा ओढला, शीळ घातली. नाला कोरडा होता. सरदार आता थकला होता, त्याला वेळ लागत होता.

"आई, मी हितली का?" छबूनं विचारलं.

भिमाबाईनं अलीकडं पाहिलं, पलीकडं पाहिलं. मग तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतली काडी काढली. "तू हितली," ती म्हणाली आणि तिचं डोकं छातीशी दाबलं.

कोरे कागद अजून तिच्याकडं आहेत. दोन सह्या कमी आहेत. पुढच्या वर्षी तीस जूनच्या आत मिळाल्या तर चालतील, असं गुरुजी म्हणालेत. आणखी एक जागा निघेल कदाचित. अटी त्याच. साक्षीदार साक्षर असावा. तुम्ही इथवर वाचलंत, तेव्हा तो प्रश्न मिटला. प्रतिष्ठित असावा. त्याबद्दल तुमची स्वतःची खात्री असणारच. जन्माची माहिती असावी. तारीख तुम्हाला ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे, नाळ कशानं कापली तेही ठाऊक आहे. म्हणजे तुम्ही अठ्ठेचाळिसावे.

पण आपण तिथं नव्हतो, फक्त वाचलं, असं तुमच्या मनात आलं असेल. हरकत नाही. ते भिमाबाईला पाठ आहे. चहा घ्या, गार होतोय. साखर घातलेली आहे.